एका श्वासात किती?



गेले चार अंक हे सदर आलं नाही. काहींनी मेसेज करून विचारलं, "काय हो, तबला सोडलात की काय?" संपादक मंडळाने जागा राखून ठेवली आणि एकदाही लेख मागितला नाही, त्याबद्दल आधी त्यांचे आभार. आज कारण सांगतो. एरवी या सदरात आपण ठेका, कायदा, रियाज असल्या गप्पा मारतो. आजही तालाबद्दलच बोलायचंय, पण जरा वेगळ्या वाटेने.

जूनच्या शेवटी बायकोचं पोट बिघडलं. दोन दिवसांत बरं वाटलं आणि आम्ही ते विसरूनही गेलो. पुढे दहा-बारा दिवसांनी एका सकाळी ती म्हणाली, "अरे, तळपायांना मुंग्या येतायत." मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणालो, "मांडी घालून बसली असशील." दुसऱ्या दिवशी जिना चढताना तिचे गुडघे लटपटले. तिसऱ्या दिवशी तिला कुकरचं झाकण लावता येईना. तेव्हा मात्र मी घाबरलो. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या डॉक्टरकाकांनी तिच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हललाच नाही. दुसऱ्या पायाचंही तेच. काकांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "घरी जाऊन कपडे वगैरे घेत बसू नका. इथून थेट जा."

निदान झालं गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात याचे रुग्ण एकदम वाढले होते, तेव्हा हे नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल. मीही वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. यात होतं असं की एखाद्या जंतुसंसर्गाशी लढायला निघालेली आपलीच प्रतिकारशक्ती वाट चुकते आणि आपल्याच नसांवर हल्ला करते. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं, तर तार शाबूत असते, पण तिच्यावरचं प्लास्टिक सोललं जातं. मेंदू हुकूम सोडतो, तो स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही. अशक्तपणा पायांपासून सुरू होतो आणि वर चढत जातो. तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेला की खरा धोका.

उपचार म्हणून इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनवलेलं हे औषध वजनाच्या हिशेबात देतात. तिचं वजन ५० किलो, म्हणून रोज २० ग्रॅम, असे पाच दिवस. ५ ग्रॅमच्या चार बाटल्या रोज, एकूण वीस. त्या वीस बाटल्या मी एकेक करून मोजल्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

पण खरी मोजणी वेगळीच होती.

दर काही तासांनी तरुण डॉक्टर यायचे आणि तिला म्हणायचे, "बेन, एक श्वासे गणो." छातीभर श्वास घ्यायचा आणि तो संपेपर्यंत मोठ्याने आकडे म्हणायचे. धडधाकट माणूस सहज तीस-चाळीसच्या पुढे जातो. वीसच्या खाली आलं की डॉक्टर सावध होतात. श्वासाचे स्नायू किती थकलेत, याचा अंदाज घ्यायची ही सगळ्यात साधी पद्धत. यंत्रावरही मोजायचे, पण मला कळायचं ते हेच. ती मराठीत मोजायची. पहिल्या संध्याकाळी सव्वीस. दुसऱ्या दिवशी सकाळी बावीस. रात्री एकोणीस.

मी गेली अठरा वर्षं तबला वाजवतोय. हौसेने, नोकरी सांभाळून, पण मात्रा मोजायची सवय अंगात भिनलेली. तीनतालाच्या सोळा मात्रा माझ्या डोक्यात झोपेतही चालू असतात. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मोजायला लागली तेव्हा नकळत माझं बोट पलंगाच्या दांडीवर चालू झालं. ती तेरावर थांबली. माझं बोट सोळाव्या मात्रेपर्यंत एकटंच गेलं. आयुष्यात प्रथमच मला समेची भीती वाटली.

त्या रात्री तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं.

पाचव्या रात्री मेव्हण्याने मला जबरदस्तीने घरी पाठवलं. लेक झोपली होती. खोलीत तबला-डग्गा कव्हरमध्ये तसाच पडलेला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला माझ्या हातांची लाज वाटली. हे हात काहीही करू शकत होते आणि तिला बोट उचलता येत नव्हतं. ठरवलं, ती बरी होईपर्यंत तबल्याला हात लावायचा नाही. मोठ्ठा त्याग वाटला मला तो!

झोप येईना. दीड वाजता गादीवर बसलो आणि हात आपोआप चालायला लागले. तबला नाही, नुसती गादी. शिकत असताना हात तयार करायला गुरुजी गादीवर वाजवायला लावायचे, तसं. दिल्लीचा एक साधा कायदा, बरोबरीत, मग दुप्पट. किती वेळ गेला माहीत नाही. दारात सासूबाई उभ्या होत्या. मी चोरी पकडल्यासारखा हात मागे घेतला. त्या म्हणाल्या, "वाजवा हो. घरात कुणाचे तरी हात चालू राहू देत." आणि लाइट न लावता परत गेल्या.

त्या रात्री मी चार तास झोपलो. पाच रात्रींतली ती पहिली झोप. सकाळी डॉक्टर काय सांगतात ते प्रथमच नीट कळलं आणि विचारायचे प्रश्न वहीत लिहून नेता आले.

मंडळी, इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण 'संगीताने आजार बरा झाला' अशा गोष्टी आपल्याला फार आवडतात. माझ्या तबल्याने माझी बायको बरी झाली नाही. ती बरी झाली औषधाने, व्हेंटिलेटरने, रात्रभर तिला कूस बदलून देणाऱ्या नर्सबाईंनी आणि तिच्या स्वतःच्या चिवटपणाने. मी संगीताचा प्रयोग तिच्यावर केला, नाही असं नाही. परवानगी काढून तिच्या कानाला इअरफोन लावला आणि एक सुंदर विलंबित ख्याल ऐकवला, पंचवीस मिनिटं. मला वाटलं, केवढी शांत पडून ऐकतेय. पुढे बोलता यायला लागल्यावर ती म्हणाली, "मला तहान लागली होती, पाठ दुखत होती आणि तू ते संपवतच नव्हतास." शांत पडून राहण्यावाचून तिला इलाज होता कुठे?

दुसऱ्या दिवशी एका नर्सबाईंनी युक्ती शिकवली. वर पाहिलं की 'हो', खाली पाहिलं की 'नाही'. मग मी विचारायला शिकलो. गाणं हवंय? खाली. पाणी? तोंडाने देता येत नव्हतं, पण ओठ ओले करता येत होते. वर. लेकीचा आवाज? वर, वर, वर. लेक एक ते शंभर आकडे म्हणते आणि दर वेळी एकोणसत्तरनंतर थेट ऐंशीवर उडी मारते. ते रेकॉर्डिंग तिने किती वेळा ऐकलं असेल, याचा हिशेब नाही.

आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर बसून मी या आजाराबद्दल सापडेल ते वाचत होतो. गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धातल्या दोन सैनिकांवरून त्याचं वर्णन लिहिलं ते १९१६ साली. ते साल वाचून मी थबकलो. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, तीही १९१६ मध्येच. तुमच्या-माझ्या घरात ते साल अभिमानाने सांगितलं जातं. दोन्हींचा संबंध काहीच नाही. पण त्या खुर्चीवर मला उगाच आधार वाटला. म्हटलं, हे साल आपल्या ओळखीचं आहे.

बारा दिवसांनी नळी निघाली. आवाज घोगरा, पण आवाज होता. ऑगस्टच्या शेवटी ती व्हीलचेअरवर घरी आली. यातून बहुतेक माणसं पुन्हा चालू लागतात, पण त्याला महिने लागतात. फिजिओथेरपिस्टताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "थकल्यावर थांबायचं नाही, थकायच्या आधी थांबायचं." दुखावलेल्या नसांना घाई चालत नाही. जास्त जोर लावला, तर दुसऱ्या दिवशी असलेली ताकदही जाते.

आणि इथे माझी खोड उघडी पडली. माझ्या वादनातला जुना दोष म्हणजे माझी लय वाढते. गुरुजी अठरा वर्षं सांगतायत, "पळू नकोस." मैफलीत गायक एकदा डोळे वटारतो आणि निभावून जातं. घरी आमचा हिशेब असा बसला की पलंगापासून दारापर्यंत तिची आठ पावलं. दर दोन मात्रांना एक पाऊल, म्हणजे तीनतालाचं बरोबर एक आवर्तन, पुढची सम दारात. तिनेच सुचवलं, "तू नुसता ठेका धर, मी त्यावर चालते. मोजण्यात लक्ष गेलं की भीती कमी वाटते." ती वॉकर धरून उभी, मागे सासूबाई, मी खुर्चीच्या हातावर ठेका धरलेला. पाचव्या पावलाला ती थांबली. "अरे, पळू नकोस. मी पडेन."

जिला तबल्यातलं ओ की ठो कळत नाही, जी माझ्या रियाजाला 'धाडधाड' म्हणते, तिने गुरुजींचंच वाक्य उच्चारलं. फरक एवढाच की या वेळी लय वाढली असती, तर माणूस पडलं असतं. त्या महिन्यात मी जेवढी लय सांभाळायला शिकलो, तेवढी अठरा वर्षांत शिकलो नव्हतो. नुसती तबल्यातली नाही. 'आता कधी बरी होणार', 'दिवाळीपर्यंत जिना चढशील ना', हे सगळं माझं पळणंच होतं. ती तिच्या लयीत बरी होत होती. मला फक्त ठेका धरायचा होता.

कोजागिरीच्या कार्यक्रमात मी साथीला नव्हतो, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. दुसऱ्या वादकाने छान निभावलं. पण आमच्या ग्रुपने एक गोष्ट केली. बुधवारची तालीम त्यांनी हॉलवरून आमच्या घरी हलवली. येताना कुणी पोळी-भाजीचा डबा आणायचं, कुणी लेकीसाठी लीलो चेवडो. मी तासभर वाजवायचो, तोवर एक काकू आत तिच्याजवळ बसायच्या. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणणारे खूप होते आणि ते मनापासून म्हणत होते. पण सांगायचंही सुचत नसतं हो. बुधवारी साडेसातला येतो, असं म्हणणारा माणूस जास्त उपयोगी पडतो.

आपल्यातले बरेच जण तिशीत आहेत. आई-वडील म्हातारे होतायत याची तयारी आपण मनात करतो, जोडीदाराच्या आजाराची करत नाही. म्हणून दोन-तीन गोष्टी अनुभवातून. दोन्ही पायांचा अशक्तपणा दिवसागणिक वर चढत असेल, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा. विम्याचे कागद कुठे आहेत, ते घरात दोघांना माहीत असू द्या. हे बिल लाखांत जातं. नातेवाइकांना रोज एकाच वेळी, एकाच माणसाने मेसेज करावा, म्हणजे दिवसभर फोन उचलत बसावं लागत नाही. आणि तुमचं जे काही असेल, गाणं, पेटी, गिटार, चित्रं, ते अर्धा तास चालू ठेवा. रुग्णासाठी म्हणून नको. रुग्णाशेजारी जो माणूस उभा राहायचाय, तो शाबूत राहावा म्हणून.

आज ती घरात काठीशिवाय चालते. जिन्याला कठडा लागतो, डावं पाऊल अजून थोडं मागे राहतं आणि दुपारी चार वाजले की बॅटरी संपते. ऑफिसला अजून महिनाभर सुट्टी आहे. मागच्या बुधवारी तालीम संपल्यावर ती अचानक म्हणाली, "थांबा, मला मोजायचंय." सगळे गप्प. तिने छातीभर श्वास घेतला आणि सुरुवात केली. मी खिशात हात घालून उभा राहिलो, मुद्दाम, बोट चालू नये म्हणून. सोळा आले आणि गेले. बत्तीस गेले. ती एक्केचाळीसवर थांबली आणि म्हणाली, "आता तू."

मी अडतीसवर संपलो. "पळालास," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात नेहमीप्रमाणे भेटू. विषय अर्थातच विलंबित लय!