नळापलीकडचा डोंगर

२ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या अरण्यात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. त्याआधीच्या काही महिन्यांत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून परकीय सत्तेची झोप उडवली होती. दरवर्षी या दिवशी मुरबाड-कर्जत परिसरातील माणसे तेथे अभिवादनासाठी जमतात. त्या काळी या मुलखातून शहराकडे वीज जात होती. आज मुरबाड-शहापूरच्या मुलखातून शहरांकडे पाणी जाते. मात्र नळ उघडताना या डोंगरांची आठवण आपल्यापैकी किती जणांना होते?

तानसा धरण १८९२ सालचे. भातसा, मोडकसागर आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेले मध्य वैतरणा हीही शहापूरच्या परिसरातलीच. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसा धरणातून येते. इकडे मुरबाडलगतची बारवी ठाणे जिल्ह्यातील अनेक शहरांची आणि कारखान्यांची तहान भागवते. याच दोन तालुक्यांतील कित्येक गावपाडे मात्र उन्हाळा सुरू झाला की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. पाऊस येथे उदंड पडतो. पण चढ तीव्र, माती थोडी आणि खाली अभेद्य कातळ. त्यामुळे पावसाचे पाणी पाहता पाहता दरीत उतरते आणि थंडी सरेपर्यंत ओढे कोरडे पडतात. धरणे दरीत, वस्त्या उंचावर. धरणाचे निळेशार पाणी समोर दिसत असताना डोक्यावर हंडे घेऊन चढण चढणाऱ्या मायभगिनी, हे या तालुक्यांचे चैत्र-वैशाखातील चित्र आहे.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहू. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण कुटुंबासाठी जे उद्दिष्ट ठेवले, ते माणशी ५५ लिटरचे. म्हणजे चौघांच्या शहरी कुटुंबाला ५४० लिटर आणि पाड्यावरच्या चौघांना, तेही योजना पोहोचली आणि चालली तर, २२० लिटर. फरक ३२० लिटरचा, अर्थात वीस लिटरच्या सोळा बादल्यांचा. या सोळा बादल्यांचा हिशेब मांडणे, हाच माझ्या मते मध्यमवर्गीय घरातील पर्यावरणविचाराचा आरंभ असला पाहिजे.

अलीकडे पर्यावरणस्नेह हा बाजारातून विकत आणण्याचा विषय झाला आहे. बांबूचा दात घासायचा ब्रश येतो, छापील घोषवाक्याची कापडी पिशवी येते. परंतु ब्रश करताना नळ वाहतच राहतो. साधा नळ मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी सहज सोडतो. शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिले तर शंभर लिटरच्या आसपास पाणी जाते. बादली-तांब्याने वीस लिटरमध्ये स्वच्छ स्नान होते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला चार लिटरहून अधिक आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी गमावतो. तो दुरुस्त करायला एक वायसर पुरतो. आरओ यंत्र एका लिटर शुद्ध पाण्यासाठी दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. ते बादलीत धरले तर लादी पुसायला, संडासात ओतायला उपयोगी पडते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी कुंड्यांना घालणे आपल्या आजीला कोणी शिकवले नव्हते. धुण्याचे यंत्र पूर्ण भरल्याशिवाय न लावणे, फ्लशची टाकी लहान करणे, यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही.

जे पाणी आपण घेतो, ते परत कसे देतो, हाही प्रश्न आहेच. काळू आणि भातसा ज्या उल्हास नदीला मिळतात, तिलाच पुढे आपल्या शहरांचे सांडपाणी मिळते. तळणाचे उरलेले तेल मोरीत न ओतणे, साबण-भुकटी मोजून वापरणे, ओला कचरा घरी किंवा सोसायटीत जिरवणे, निर्माल्य प्रवाहात न टाकणे, एवढे तर प्रत्येक घराच्या हाती आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. मी डोंबिवलीत बादलीभर पाणी वाचवले, म्हणून ते शहापूरच्या पाड्यावर थोडेच पोहोचणार? नाही पोहोचणार. जलवाहिनी उलटी वाहत नाही. शिवाय महानगरांच्या जुन्या वाहिन्यांतील गळती आणि पाणीचोरी यांपुढे एका घराची बचत किरकोळ वाटते. परंतु शहराची वाढती मागणी हेच प्रत्येक नव्या धरणाचे समर्थन असते. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचे उदाहरण घ्या. महानगराच्या तहानेसाठी योजलेल्या या प्रकल्पात सुमारे १००० हेक्टर वनजमीन आणि अनेक आदिवासी गावपाडे जाणार होते. वनखात्याच्या परवानगीआधीच काम सुरू झाले आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले. असे प्रस्ताव मात्र कायमचे मिटत नाहीत. शहराची मागणी वाढली की फायली पुन्हा उघडतात. आपली सोळा बादल्यांची बचत पाड्यावर पाणी नेणार नसली, तरी पाडा पाण्याखाली घालण्याचे एक कारण ती कमी करू शकते. आणि जो स्वतः मोजून पाणी वापरतो, त्यालाच महापालिकेला गळतीचा जाब विचारण्याचा आणि धरणग्रस्त गावांना आधी पाणी द्या, असे ठणकावून सांगण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो.

सिद्धगडाच्या वर, घाटमाथ्यावर आहुपे येथे देवराई आहे. देवराईतील वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा महादेव कोळी बांधवांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक. त्यासाठी त्यांना कधी फलक लावावा लागला नाही, की दंडाची पावती फाडावी लागली नाही. आपल्यापुरती मर्यादा आपणच आखायची आणि ती मुलांसमोर पाळायची, एवढीच ती रीत.

तेव्हा येत्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. पुढचे सात दिवस स्नान, धुणे, भांडी आणि फ्लश यांना किती बादल्या लागतात, याची नोंद मुलांकडे सोपवावी. आठवड्याअखेर त्यातून किती बादल्या कमी करता येतील, ते मिळून ठरवावे. सोसायटीच्या पुढच्या सभेत टाकीची गळती आणि पर्जन्यजलसंधारण हे दोन विषय आवर्जून घ्यावेत. आणि सिद्धगडाकडे जाल, तेव्हा पाण्याची बाटली घरून भरून न्यावी, रिकामी झाली की परत आणावी. त्या डोंगरांनी आपल्याला पुष्कळ दिले आहे. निदान आपला कचरा तरी त्यांच्या पदरात नको.