समजून घ्या : काच नाही, छत नाही, तरी नाव ‘हरितगृह’ वायू कसे पडले?

भीमाकाठच्या मांडवगण फराटा परिसरात हिवाळ्यात कुणालाही विचारा, आभाळ निरभ्र असले की रात्री थंडी कडक पडते. ढग आले की ती उतरते. हरितगृह वायूंचे काम समजायला एवढा अनुभव पुरेसा आहे.

दिवसा तापलेली जमीन ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडत असते. ढग ती शोषून बरीचशी परत खाली पाठवतात. पण ढग येतात-जातात. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हेच काम चोवीस तास करतात. ते नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान १५ ऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास असते. त्यामुळे प्रश्न या वायूंच्या असण्याचा नाही, प्रमाणाचा आहे. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२०च्या वर गेले आहेत.

फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी १८२४ मध्ये वातावरण उष्णता धरून ठेवते, असे मांडले. १८५६ मध्ये अमेरिकेच्या युनिस फूट यांनी वायू भरलेल्या काचेच्या नळ्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वाधिक तापली. पुढे १९०१ मध्ये स्वीडनचे निल्स एकहोम यांनी वातावरणाची तुलना काचेच्या हरितगृहाशी केली आणि नाव रुळले.

नाव रुळले खरे, पण उपमा थोडी फसवी आहे. पॉलिहाऊस गरम राहते ते मुख्यतः आतली तापलेली हवा बाहेर निसटत नाही म्हणून. बाजूचे पडदे गुंडाळले की तासाभरात फरक कळतो. वातावरणाला असा पडदा नाही. हवेत गेलेला नायट्रस ऑक्साइड शंभरेक वर्षे तिथेच राहतो.

ऊसपट्ट्यात लक्ष द्यायला हवे ते याच वायूकडे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. त्यातले अंदाजे एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडते, असे ढोबळ गणित जगभर धरतात. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो. म्हणजे एका गोणीमागे जवळपास ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम!

पाचट जाळण्याचा हिशेब मात्र वेगळा. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो जमेस धरत नाहीत. सोबतचे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरतात. शिवाय पाचटातले बहुतेक नत्र धुरात जाते. तेच भरून काढायला पुन्हा युरिया विकत आणावा लागतो. पाचटाची कुट्टी सरीत ठेवली आणि युरिया एकदम न फेकता ठिबकमधून थोडा-थोडा दिला, तर गोण्याही कमी लागतात.