शिक्षा हवी, पण मोजून

मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण १५ मे २०१३ रोजी आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सकडून वानखेडेवर खेळला आणि त्याच रात्री दिल्ली पोलिसांनी त्याला स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून उचलले. सप्टेंबरात क्रिकेट मंडळाने त्याच्यावर आणि त्याचा संघसहकारी वेगवान गोलंदाज श्रीशांतवर आजन्म बंदी घातली. २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने दोघांना आरोपमुक्त केले. संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याखालचे आरोपही टिकले नाहीत. बंदी मात्र तशीच राहिली.

त्यात आम्हाला वावगे दिसत नाही. कोर्टाला गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, मंडळाला शिस्तभंग पुरतो. खटकते ती सरसकट आजन्म बंदी. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये श्रीशांतचा दोष कायम ठेवला, पण शिक्षेचा फेरविचार करायला लावला. ती सात वर्षांवर आली. चव्हाणला हाच न्याय मिळाला २०२१ मध्ये, म्हणजे ती सात वर्षे उलटून गेल्यावर! हा कसला दिलासा?

शिक्षा मोजून हवी, तशी नियमांची माहितीही आधी हवी. जळगाव-धुळ्याहून महाराष्ट्राच्या निवड चाचणीला जाणाऱ्या पोरांना यॉर्कर शिकवला जातो. पण सट्टेबाजाने गाठले आणि ते कळवले नाही, तर तेवढ्यानेही बंदी येते, हे त्यांना कोण सांगतो? बांगलादेशच्या शाकिब अल हसनला २०१९ मध्ये नेमके हेच भोवले. जिल्हा संघटनांनी हे नियम सोप्या मराठीत छापून पोरांच्या आणि पालकांच्या हाती द्यावेत. मंडळाने बंदीविरुद्धचे प्रत्येक अपील सहा महिन्यांत निकाली काढावे.