नवा संच घ्यायचा की नाही? भाच्याच्या वहीने शिकवलेला धडा



आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. विषय आहे एक खेळ. पण शेवटपर्यंत वाचलंत तर हा विषय आपल्या वर्गातलाच आहे, हे लक्षात येईल.

माझा भाचा नववीत आहे. त्याच्या चुलत भावाने नोकरीसाठी बाहेरगावी जाताना त्याला ‘स्टार वॉर्स: रिबेलियन’ हा खेळ दिला. अमेरिकेतल्या फँटसी फ्लाइट गेम्स कंपनीने २०१६ साली काढलेला हा पटावरचा खेळ आहे. खोक्यात प्लॅस्टिकच्या दीडशेहून अधिक छोट्या प्रतिकृती आहेत. त्यात सैनिक, विमानं, अंतराळ जहाजं असं सगळं काही आहे. खोक्यावर वय १४ वर्षांपुढे लिहिलंय आणि एक डाव तीन-चार तास चालतो.

ताईचा फोन आला. “अरे, आता याला ह्याच खेळाचा आणखी एक खोका हवाय म्हणे. आहे तो काय वाईट आहे? तू मास्तर आहेस, तूच समजाव त्याला.” घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं. त्यामुळे प्रश्न साधा नव्हता. खरं सांगायचं तर ‘नाही’ हे उत्तर मी मनात ठरवूनच गेलो होतो.

मूळ खेळ काय आहे?

एका बाजूला बलाढ्य साम्राज्य, दुसऱ्या बाजूला मूठभर बंडखोर. बंडखोरांचा तळ कुठल्या ग्रहावर आहे हे गुपित असतं. साम्राज्याने तो शोधून जिंकायचा. बंडखोरांनी तोवर तग धरायचा आणि छोटी छोटी उद्दिष्टं पूर्ण करून लोकांचा पाठिंबा मिळवायचा. खरी गंमत नेत्यांची आहे. नेते मोजकेच. मोहिमेवर पाठवला तो नेता सैन्य हलवायला उरत नाही, आणि शत्रूची मोहीम अडवायलाही नाही. थोडक्या माणसांत कामं कशी वाटायची, हे आपल्या दोनशिक्षकी शाळांना वेगळं सांगायला नको!

मग उणीव कुठे?

मी हाच प्रश्न भाच्याला विचारला. तो काही बोलला नाही, आतून एक वही घेऊन आला. मित्राबरोबर खेळलेल्या पाच डावांतल्या मोठ्या लढाया त्यात लिहिल्या होत्या. कोणाचं सैन्य किती, फासे काय पडले, पत्ते कोणते आले, सगळं. तो म्हणाला, “मामा, हे बघ. लढाईत नेत्याच्या कौशल्यानुसार गठ्ठ्यातून पत्ते ओढायचे. चांगले आले तर ठीक, नाहीतर बसा. दोन तास डोकं चालवायचं आणि शेवटी नशीब!”

मी गप्प बसलो. वर्गात आपण पुरावा द्यायला शिकवतो आणि मुलाने खरंच पुरावा दिला की आपल्यालाच उत्तर सुचत नाही.

विस्तार संचात काय मिळतं?

२०१७ साली आलेल्या ‘राइज ऑफ द एम्पायर’ या विस्तार संचात आठ नवे नेते आणि ३६ नव्या प्रतिकृती आहेत. २०१६ च्या ‘रोग वन’ चित्रपटातली जिन अर्सो, कॅसियन अँडॉर, क्रेनिक ही मंडळी इथे येतात. मोहिमांच्या काही पत्त्यांऐवजी नवे पत्ते वापरता येतात. पुण्यात माझ्या एका मित्राकडे हा संच आहे. मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याला घेऊन गेलो आणि एक डाव खेळलो.

सगळ्यात मोठा फरक लढाईत जाणवला. इथे पत्ते नशिबाने येत नाहीत. आपल्या पत्त्यांमधून एक निवडायचा, पालथा ठेवायचा आणि दोघांनी एकदम उलटायचा. नेत्याच्या कौशल्याप्रमाणे काही फासे पुन्हा टाकता येतात. म्हणजे समोरचा काय विचार करतोय याचा अंदाज बांधावा लागतो. फासे आहेत, नशीब आहे, पण आता हरलो तर ‘माझं कुठे चुकलं’ हे सांगता येतं. मला ही बाब फार मोलाची वाटते.

उणिवाही सांगतो. नियम वाढतात, त्यामुळे नवख्याचा गोंधळ होतो. काही प्रतिकृती नुसती भर वाटल्या. शत्रूला माघार घेऊ न देणारं ‘इंटरडिक्टर’ जहाज मात्र डावच बदलतं. पत्ते सगळे इंग्रजीत आहेत. पण भाचा प्रत्येक पत्ता वाचून मला मराठीत समजावत होता. इंग्रजीच्या तासाला हाच मुलगा तोंड उघडत नाही!

माझं मत

पूरक साहित्य घेताना मी आता तीन प्रश्न विचारतो. मूळ वस्तू पुरेशी वापरली का? तिची उणीव आपल्याला नेमकी सांगता येते का? नवी वस्तू तीच उणीव भरून काढते का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच खर्च करावा. आपल्या शाळांच्या कपाटांत न उघडलेले किती शैक्षणिक संच पडलेत, ते आठवा. ते घेण्याआधी हे प्रश्न कोणी विचारले होते का?

मूळ खेळ नुकताच आणलेल्यांनी हा संच लगेच घेऊ नये. पाच-सहा डाव झाल्यावर लढाईचा कंटाळा आला, तर जरूर घ्यावा.

ताईला मी सांगितलं, “घेऊ या, पण दिवाळीत. अर्धे पैसे माझे.” भाच्याने उरलेल्या पैशांत आपल्या खाऊच्या डब्यातली भर घातली. ती वही मात्र मी मागून आणलीय. या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गाला दाखवणार आहे. हट्ट आणि मागणी यातला फरक समजवायला यापेक्षा चांगलं साधन माझ्याकडे नाही.