आभाळ फिरते तेव्हा दिल्लीही फिरते

खुलताबादचे नाव वर्तमानपत्रांत येते ते कबरीच्या निमित्ताने. २०२५ च्या मार्चमध्ये ते असेच गाजले. या तालुक्यात कोणते पीक निघते हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनीही तीनशे वर्षांपूर्वी निवर्तलेल्या बादशहावर रकानेच्या रकाने भरले. खडकीला नहरीने पाणी आणणाऱ्या आणि जमिनीचा सारा नीट बांधून देणाऱ्या मलिक अंबराचीही कबर येथेच आहे. त्याची आठवण कोणाला झाली नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, तेव्हा ते रकाने आखडले.

निसर्गाच्या करणीला सरकार काय करणार, असे आपल्यातलेही काही साथी म्हणतात. हे म्हणणे अपुरे आहे. पीक बुडाले की माल कमी येतो व भाव चढतो. निम्मे गेलेल्या शेतकऱ्याला उरलेल्या निम्म्यात थोडा तरी आधार मिळावा, हा बाजाराचाच नियम. तो नेमका याच वेळी मोडला जातो. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्याच महिन्याच्या १९ तारखेला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलरची अट आली आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी, लोकसभेचे मतदान चालू असताना! उरलेले शुल्क जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडला.

कांद्याचे बाहेर जाण्याचे दार लावले, तर कापसासाठी आत येण्याचे दार उघडले. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली. कापडधंद्याला दिलासा म्हणून परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ झाले. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता खरा. परंतु कपास निगम १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस घेत नाही. ज्या वर्षी कापूस पावसाने भिजतो, त्याच वर्षी सरकारी काट्यावरून तो परत फिरतो आणि खाजगी व्यापाऱ्याच्या दारात जातो. वेचणी करणाऱ्या मजूर बाईला मजुरी किलोवर. बोंडे सडली की तीही गेली. आणि पंचनामा होतो तो सातबाऱ्यावर, जो तिच्या नावावर नाही.

शहरातील कामगाराला कांदा स्वस्त मिळावा, ही मागणी आपलीच आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. परंतु त्या स्वस्ताईचा खर्च तिजोरीने करावा. सरकारने रास्त भावाने कांदा घ्यावा आणि रेशनवर स्वस्त द्यावा. तो खर्च आज कोरडवाहू शेतकरी करतो. खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतील, सरकारने हातच काढून घ्यावा. १९७२ च्या कापूस एकाधिकार खरेदीत दोष होते, हे कबूल. पण पाऊस बेभरवशाचा झाला असताना शेतकऱ्याला बाजाराच्याही हवाली करणे, हा त्यावरील उपाय नव्हे.

आयात-निर्यातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे व हंगामात बदलल्यास भावातील फरक भरून मिळावा. अतिवृष्टीच्या वर्षी ओल्या कापसाचीही खरेदी व्हावी. नुकसानभरपाईत मजुराचे नाव यावे. येत्या खरिपापूर्वी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी एवढ्या तीन मागण्या घेऊन तहसील कचेरीवर जावे.