संताचे आडनाव

पोखर्णीला नृसिंहाचे दर्शन घेऊन पुढे गंगाखेडास जनाबाईपुढे माथा टेकणाऱ्या आमच्या परभणीकडील भाविकास संतपद ही कोणा पीठाने सनद देऊन बहाल करावयाची वस्तू आहे, हे सहसा पटत नाही. म्हणूनच की काय, रोमच्या धर्मपीठाने साक्षीपुरावे तपासून १५ मे २०२२ रोजी देवसहायम यांना संत घोषित केले, या वार्तेकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. ते जावयास हवे होते.

१७१२ साली नट्टालम येथे नायर कुळात जन्मलेले देवसहायम, पूर्वाश्रमीचे नीलकंठ पिळ्ळै, हे त्रावणकोरच्या मार्तंडवर्मा महाराजांच्या पदरी अंमलदार होते. कुळच्चलच्या लढाईत पाडाव होऊन पुढे त्याच महाराजांची फौज कवायती करणाऱ्या द लानॉय या डच सेनानीच्या सहवासात, घरच्या आपत्तींनी खचलेल्या त्यांच्या मनाला बायबलातील ईयोबाच्या कथेने धीर दिला, आणि १७४५ साली वडक्कनकुळम येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर हीन मानलेल्या जातींत ते बरोबरीने वावरू लागले. दरबारी मंडळींना त्यांच्या प्रार्थनेहून हे वर्तनच अधिक खुपले असावे, असे मला वाटते. १७४९ मध्ये कैद, पुढे तीन वर्षे मारहाण आणि गावोगाव धिंड, आणि या यातनांतही अखंड ध्यान व प्रार्थना, की ज्यामुळे कैद्याच्याच दर्शनास लोक लोटू लागले. अखेर १४ जानेवारी १७५२ रोजी काट्टाडिमलै डोंगरावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

संतपदाच्या घोषणेत धर्मपीठाने त्यांच्या नावापुढील ‘पिळ्ळै’ हे जातिवाचक उपपद वगळले. इतिहासातील नावाला हात लावू नये, हा आक्षेप मला मान्य नाही. ज्या अभिमानाचा त्याग केल्यापायी त्या पुरुषाने प्राण दिले, तो अभिमान त्याच्या प्रतिमेखाली कोरणे हा अन्यायच झाला असता. परंतु दप्तरातील दुरुस्ती पुरेशी नव्हे. ज्या वडक्कनकुळमला त्यांची दीक्षा झाली, तेथेच पुढे जातीजातींना भिंतीने विभागून बसविणारे चर्च उभे राहिले; ती भिंत पाडली गेली, तरी तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती बांधवांच्या दफनभूमी आजही वेगळ्या आहेत. देवसहायम यांचे नाव घेणाऱ्या प्रत्येक धर्मप्रांताने त्या एक करण्याचा लेखी हुकूम काढावा, आणि तो अमलात आल्याचा दाखला दरसाल मागवावा.