‘झिरो ड्युटी’चा हिशोब

तुमच्या डेस्कवरचा माऊस जरा उलटा करून बघा. मग कीबोर्ड, चार्जर, हेडफोन. बहुतेक सगळ्यांवर ‘मेड इन चायना’ सापडेल. आता स्क्रीनकडे बघा. तिथला कोड मात्र हिंजवडीत, ऐरोलीत नाहीतर बंगळुरात लिहिला जातोय आणि चाललाय लंडन किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेकडे. एकाच टेबलावर वस्तू बाहेरून येतात आणि काम बाहेर जातं. हे असंच का झालं, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मुक्त व्यापार, ड्युटी, डब्ल्यूटीओ असले शब्द आले की आपण सरळ पान उलटतो. पण मंडळी, तुमचं अप्रेझल बॉसच्या मूडवर जेवढं अवलंबून असतं, तेवढंच या कंटाळवाण्या शब्दांवरही असतं!

थोडं मागे जाऊ. डिसेंबर १९९६. सिंगापूरला डब्ल्यूटीओची मंत्रिपरिषद भरली आणि तिथे ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अ‍ॅग्रीमेंट’ ठरलं. अट साधी होती. कॉम्प्युटर, टेलिकॉमची यंत्रं, सेमीकंडक्टर यांच्यावरची आयात ड्युटी टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायची. मार्च १९९७ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २००५ पर्यंत आपली ड्युटी खरंच शून्य झाली.

सॉफ्टवेअरवाल्यांची तर चांदीच झाली. ८०च्या दशकात परदेशी कॉम्प्युटर आणायचा म्हणजे लायसन्स, दिल्लीच्या चकरा आणि वर भरमसाट ड्युटी. ते सगळं संपलं. स्वस्त मशिन्स आली, कंपन्यांनी मजलेच्या मजले भरले, आणि इंजिनीअरिंग कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या पोरापोरींना कॅम्पसवरच ऑफर लेटर मिळायला लागलं. आपल्यापैकी कित्येकांचं पहिलं पगाराचं खातं त्याच लाटेत उघडलं.

मग हार्डवेअरचं काय झालं? इथे वडापावचं उदाहरण घ्या. समजा, शेजारच्या गावातून तयार वडापाव आणला तर कर शून्य, पण बटाटा, बेसन आणि पाव आणला तर त्यावर कर. मग तुम्ही गाडी लावून वडे तळाल की तयार माल आणून विकाल? आपल्याकडे नेमकं हेच झालं. तयार माल करमुक्त आणि तो बनवायला लागणाऱ्या, करारात नसलेल्या अनेक सुट्या भागांवर, कच्च्या मालावर ड्युटी. अर्थशास्त्रवाले याला ‘उलटी ड्युटी’ म्हणतात. २०१५ मध्ये या कराराचा दुसरा भाग आला तेव्हा भारत बाहेरच राहिला. पहिल्याच भागाने इथला उद्योग जवळपास पुसून टाकला, अशी वाणिज्य मंत्रालयाची तक्रार होती.

पण थांबा. सगळा दोष कराराच्या माथी मारून मोकळं व्हायचं, तर एक अडचण आहे. चीन डब्ल्यूटीओमध्ये आला डिसेंबर २००१ मध्ये आणि या करारात २००३ मध्ये. ड्युटी त्यांनीही कमी केली. तरी जगाचा कारखाना झाला तो शेनझेन. कारण तिथे स्क्रू बनवणारा, सर्किट बोर्ड बनवणारा आणि खोका बनवणारा, सगळे हाकेच्या अंतरावर होते. बंदर जवळ होतं आणि वीज जात नव्हती. दार आपणही उघडलं, त्यांनीही उघडलं. पण त्यांनी आधी घर आवरून ठेवलं होतं. आपल्याकडे पाहुणे आले तेव्हा चहाची साखरच संपलेली!

याचा सगळ्यात चटका लावणारा किस्सा म्हणजे नोकिया. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला २००६ मध्ये त्यांचा कारखाना सुरू झाला. हजारो लोकांना नोकऱ्या मिळाल्या. त्यात आसपासच्या गावांतून येणाऱ्या तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या, आणि अनेकींची ती पहिलीच नोकरी. २०१३ मध्ये फोनमधल्या सॉफ्टवेअरसाठी मूळ कंपनीला दिलेल्या पैशांवरच्या कराचा वाद पेटला. मागणी होती २,००० कोटींहून जास्त रुपयांची. एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, पण वादात अडकलेला हा कारखाना मागेच राहिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो बंद पडला. ड्युटीचा यात थेट संबंध नव्हता. पण कंपनी एखाद्या देशात टिकते की जाते, हे एकट्या ड्युटीवर ठरत नाही, हे त्या मुलींनी आपल्या आधी शिकून घेतलं. तेही नोकरी गमावून.

मग सरकारने गिअर बदलला. जुलै २०१७ मध्ये मोबाइलवर १० टक्के ड्युटी लागली, डिसेंबरमध्ये १५ आणि २०१८च्या बजेटमध्ये २०. २०२० मध्ये उत्पादनावर थेट इन्सेन्टिव्ह देणारी पीएलआय योजना आली. परिणाम दिसला. आयफोन आता तमिळनाडू आणि कर्नाटकात जुळवले जातात आणि अमेरिकेलाही जातात. त्याच श्रीपेरुंबुदूरमध्ये पुन्हा शिफ्ट सुरू झाल्या.

पण फुकट काहीच नसतं, बॉस. ड्युटी वाढली तेव्हा बाहेरून येणारा फोन तुमच्या-माझ्या खिशाला महाग पडला. वर युरोपियन युनियन, जपान आणि तैवान डब्ल्यूटीओमध्ये गेले: शून्याचं वचन दिलं होतं ना? भारताचं म्हणणं, करार झाला तेव्हा स्मार्टफोन होता कुठे? एप्रिल २०२३ मध्ये पॅनेलने निकाल भारताच्या विरोधात दिला. आपण अपील केलं ते अशा अपील मंडळाकडे, जे डिसेंबर २०१९ पासून न्यायाधीशांअभावी बंदच पडलं होतं. म्हणजे केस उभी, पण कोर्टाला कुलूप. २०२४च्या बजेटमध्ये आपणच ड्युटी २० वरून १५ टक्क्यांवर आणली. आणि इथे सुटे भाग बनावेत म्हणून २२,९१९ कोटींची योजना मंजूर झाली मार्च २०२५ मध्ये. तयार माल करमुक्त झाल्यानंतर तब्बल २० वर्षांनी बटाट्याची आठवण झाली!

आता या गोष्टीची दुसरी बाजू, म्हणजे तुम्ही. वस्तूंचा व्यापार मोकळा करताना जगाने पक्के आकडे लिहून घेतले, पण माणसांच्या बाबतीत हात आखडता. सेवांच्या करारात अमेरिकेने एच-१बीचा वर्षाला ६५,००० चा आकडा मान्य केला खरा, पण फीचं काय? २०१० मध्ये त्यांनी भारतीय आयटी कंपन्यांना झोंबेल अशी २,००० डॉलरची जादा फी लावली आणि २०१५ मध्ये ती ४,००० केली. भारताने २०१६ मध्ये डब्ल्यूटीओत तक्रार केली, पण गाडी सल्लामसलतीच्या पुढे सरकली नाही. आणि १९ सप्टेंबर २०२५ला तर एका सहीनिशी नव्या अर्जांवर थेट १ लाख डॉलर! फी फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. तोवर सुट्टीवर भारतात आलेल्या कित्येकांनी मिळेल त्या भावात परतीची तिकिटं काढली होती.

याउलट जुलै २०२५ मधला ब्रिटनबरोबरचा करार बघा. त्याच्या जोडीला ठरलं की तिकडे तात्पुरत्या कामावर जाणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्याला आणि त्याच्या कंपनीला तीन वर्षं तिथल्या सोशल सिक्युरिटीचा हप्ता भरावा लागणार नाही. हेडलाइन झाली स्कॉच व्हिस्कीची. ऑनसाइट जाणाऱ्याच्या पगाराशी संबंध असलेली ओळ मात्र आतल्या पानावर.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या देशाशी ‘ऐतिहासिक करार’ झाल्याची बातमी आली की मुक्त व्यापार चांगला की वाईट, यावर कॅन्टीनमध्ये भांडत बसू नका. दोनच गोष्टी शोधा. तयार मालावर सूट आहे, तर त्याच्या पार्ट्सवर किती ड्युटी आहे? आणि माणसांबद्दल काय लिहिलंय, ते खरंच बांधील आहे की नुसतं गोड बोलणं? पहिल्या उत्तरावर तळेगाव-चाकणच्या पोरांची नोकरी अवलंबून आहे आणि दुसऱ्यावर तुमची. शेअर बाजाराचं पान रोज चाळता ना? त्यातली पाच मिनिटं इकडे द्या.